तुमच्या शिरगणतीत मी नव्हते

अण्णा, तुम्हाला जाऊन सहा वर्षं झाली. आज शुक्रवार, मला सुट्टी. कुवेतमध्ये जाब्रियातल्या या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात डाळ शिजते आहे, मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करते आहे. मघाशी तिने शाळेच्या प्रोजेक्टसाठी विचारलं, "आई, व्हॉट इज अवर व्हिलेज लाइक?" मी चमचा खाली ठेवून तुमच्यासारखं सांगायला लागले. पश्चिमेला खाडी, पूर्वेला कातळाचा उंच सडा, मधे उतार. खाडीच्या काठाला खालची वाडी, उतारावर मधली, सड्याच्या कडेला वरची. पावसात व्हाळ भरला की वरची वाडी दोन-दोन दिवस तुटते. ती म्हणाली, "स्लोअर, प्लीज." मग लक्षात आलं, की मी तुमच्या चौथीच्या वर्गात उभी राहून बोलल्यासारखं बोलत होते. पुस्तकात भूगोल जिल्ह्यापासून सुरू व्हायचा, तुम्ही मात्र तो आमच्या दारातून सुरू केलात. ज्याला आपला व्हाळ कुठून येतो ते सांगता येत नाही त्याने गंगेचा उगम पाठ करू नये, असं तुमचं म्हणणं.

आज तुम्हाला सांगायचं आहे ते एक्क्याण्णवच्या शिरगणतीपासून. आदल्या वर्षी कुवेतवर हल्ला झाला आणि गावचे सगळे गवंडी, सुतार, वायरमन जॉर्डनमार्गे एकेका पिशवीनिशी घरी परत आले होते. मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते, काविळीमुळे महिनाभर घरी. शिरगणतीचं काम शाळेच्या गुरुजींकडे, तुम्ही घरोघर जायचात; बरी होत आल्यावर मी तुमच्यामागून फिरायचे, कारण घरात बसून कंटाळा यायचा. खालच्या वाडीत एक गवंडी पडवीत बसून मुलीची वेणी घालत होता, फार वाईट घालत होता, आणि बायको दारात उभी राहून हसत होती. तुम्ही कागद उघडलात तसा तो म्हणाला, "गुरुजी, माझा नाव नका घालू. कुवेत उघडला की मी परत जातलंय."

"आज कुठे आहेस?"

"हयच तर आसंय."

"मग आज तू इथला," असं म्हणून तुम्ही त्याचं नाव लिहिलंत. परतीच्या वाटेवर तुम्ही दोनदा थांबून बेरीज केलीत. एरवी आपल्या गावात बायका जास्त आणि पुरुष कमी, पण त्या वर्षी सगळं गाव एका जागी होतं. तुम्ही मला म्हणालात, "बघून ठेव. असं पुन्हा दिसणार नाही." आणि दिसलं नाही. वर्षभरात ते सगळे परत गेले, आणि तीन वर्षांनी मीसुद्धा त्याच विमानतळावर उतरले, हॉस्पिटलच्या नोकरीवर.

दोन हजार एकची शिरगणती तुमच्या नोकरीतली शेवटची. त्या वेळी गावात काय झालं ते मला आईने पत्रातून कळवलं होतं. आरोग्य उपकेंद्र आपल्याला मिळणार की शेजारच्या गावाला, हे ठरायचं होतं आणि आपली माणसं थोडीच कमी पडत होती. सरपंच दोन माणसं घेऊन घरी आले. आईने चहा दिला, तो गार झाला. "गुरुजी, कुवेतची माणसा काय परकी आसत? तेंची घरा हय, बायकापोरा हय. चार नावा घातलास तर कोण विचारता?" तुम्ही म्हणालात, "कोणी विचारणार नाही, म्हणूनच मला घालता येत नाहीत." सरपंच उठून गेले. उपकेंद्र शेजारच्या गावाला गेलं आणि पुढे कितीतरी दिवस लोक तुम्हाला वाटेत टाळत होते.

ते पत्र वाचून मी गावच्या दुकानातल्या फोनवर तुम्हाला बोलावून घेतलं. मला खात्री होती की निदान माझ्याबाबतीत तुम्ही हात थोडा सैल सोडला असेल.

"अण्णा, माझं नाव घातलंत ना?"

"नाही."

"का?"

"तू इथे राहत नाहीस."

"मी तुमची मुलगी आहे."

"ते मला सरकारला सांगायची गरज नाही," तुम्ही म्हणालात. आज हे वाक्य मला केवढं आपलं वाटतं. तेव्हा फक्त 'नाही' ऐकू आलं.

पुढच्या वर्षी हृदयाच्या झटक्याने तुम्ही गेलात. सुट्टीचे कागद सही होऊन हातात पडेपर्यंत तिसरा दिवस उजाडला होता, मी पोहोचले तेव्हा अंगण सारवून झालं होतं. कुणीतरी माजघरात बोललं, "उपकेंद्र असतां तर गुरुजी वाचले असते." मी तिथल्या तिथे सांगितलं, की मी नर्स आहे, उपकेंद्रात एक नर्स आणि गोळ्यांचं कपाट असतं, असला झटका तिथे कोणी परतवू शकलं नसतं. मी जे बोलले ते खरं होतं, तुमची बाजू सावरायला बोललेलं नव्हतं. तेराव्याला वरच्या वाडीतल्या एक म्हाताऱ्या काकू माझा हात धरून म्हणाल्या, "बाय, माझो झील थयसर बरो आसा मां? चार म्हयने फोन नाय." मला त्यांच्या मुलाचा चेहरासुद्धा आठवेना. कुवेतमध्ये आठ वर्षं काढून मला गावची अवघी तीन-चार माणसं ठाऊक होती.

परत आल्यावर एक वही आणली आणि शुक्रवारी बाहेर पडायला लागले. पहिल्यांदा गेले अबू हलीफाला. समुद्राजवळच्या इमारतीत दोन खोल्यांत नऊ जण, सगळे एकटे राहणारे, दाराशी चपलांचा ढीग. एकाने घाईघाईने चादर नीट केली, दुसऱ्याने टीव्ही बंद केला. मी वाडी, घर, काम, इथला फोन नंबर आणि घरी कुणाला कळवायचं ते विचारत गेले. एक जण म्हणाला, "ताई, माझ्या भावाचाही लिवा. तो दुबईक आसा."

"मग तो या वहीत नाही," मी म्हणाले. कोपऱ्यातला एक पांढऱ्या मिशांचा गवंडी मोठ्याने हसला. "गुरुजींचा चेडू! ह्या कायच बदलूचा नाय." तो तोच होता, वेणी घालणारा. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. चार महिन्यांत माझी वही पुरी झाली. एक्केचाळीस माणसं, तिन्ही वाड्यांची. काकूंचा मुलगा एगैलाला एका बांधकामावर सुतार होता. त्याला मी घरी फोन करायला लावला, समोर उभी राहून.

मग दोन हजार तीनचा मार्च. शेजारी इराकमध्ये युद्ध सुरू झालं आणि इथे सायरन वाजायला लागले. हॉस्पिटलच्या खिडक्यांना आम्ही प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावली. गावात टीव्हीवर काय दिसत असेल ते मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटी संपल्यावर मी वही घेऊन बसले आणि एकेक नंबर लावत गेले. दुपारपर्यंत चाळीस जण बोलले. काकूंचा मुलगा लागेना. मी टॅक्सी करून एगैलाला गेले. तो साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत बसून भात खात होता, मोबाइल बिघडलेला. मला बघून उभा राहिला, तोंडात घास तसाच. तिथूनच गावच्या दुकानात फोन लावला.

दुकानासमोर अर्धं गाव जमलं होतं. फोन सरपंचांनी घेतला. मी वाडीवार वाचत गेले आणि ते एकेक नाव मोठ्याने उच्चारत गेले. प्रत्येक नावामागून गर्दीतून कुणीतरी "हां" म्हणत होतं, कधी बाई, कधी पोर. शेवटचं नाव एगैलाच्या सुताराचं. तिकडे काकू फोनवर आल्या, इकडे त्याने माझ्या हातून फोन घेतला आणि "आये" एवढंच म्हणाला. मग फोन पुन्हा सरपंचांकडे गेला. ते म्हणाले, "बाय, एक्केचाळीस. एकव कमी नाय, एकव जास्त नाय. गुरुजींनी असोच लिवलो असतो." अण्णा, ज्या माणसाचा चहा आपल्या घरात गार झाला होता, त्याने हे भर दुकानात, सगळ्यांसमोर म्हटलं. त्या दिवशी मला तुमचा जितका अभिमान वाटला तितका आयुष्यात कशाचाच वाटला नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि आईला वाचून दाखवायचं धाडस नाही. कारण एक गोष्ट आहे. तुम्ही 'नाही' म्हणालात त्यानंतर दोन महिने मी माझा नेहमीचा शुक्रवारचा फोन केला नाही. आईला पत्रात लिहिलं, की ड्युटी फार आहे. परवा बोलता बोलता ती म्हणाली, की त्या दोन महिन्यांत दर शुक्रवारी तुम्ही धुतलेला सदरा घालून दुकानाच्या बाकावर जाऊन बसत होता, आणि कोणी विचारलं तर सांगत होता, "तिला ड्युटी असते." अण्णा, ड्युटी नव्हती.