नावाड्याचं खातं बंद

४ मार्च

नावाड्याला हाकललं! मला न विचारता! ऑफिसात पाऊल टाकते न टाकते तोच खेळाडूंच्या नोंदी तपासणारा आमचा आकडेवाला म्हणतो, "ताई, तुमच्या नदीवरचा तो बॉट उडवला बरं का."

बॉट म्हणे! माणूस नाही, आपोआप चालणारा प्रोग्राम! आमच्या गेममध्ये हजारो लोक तलवारी परजत धावत असतात. हा एकटा धावत नाही. पलीकडे जायची सोय म्हणून मी नदीवर एक नाव ठेवली होती, ती हा रोज चालवतो. त्याचे गुण मिळत नाहीत, काही नाही. उतारूंना नेतो-आणतो, आणि मध्यावर नाव जरा थांबवतो. "भांडण इथं टाका, मग उतरा," म्हणतो. हे थांबणं मी कुठंच घातलेलं नाही. त्याचं त्यानं काढलंय!

आकडेवाल्याचं म्हणणं – तोच रस्ता, तेच वाक्य, एकही लढाई नाही, म्हणजे यंत्र. अरे, मग माझे बाबापण यंत्रच! जन्मभर एकाच मार्गावर बस चालवली त्यांनी.

५ मार्च

साहेबांशी वाजलं. भर मीटिंगमध्ये. "भूमिका तीनच – लढवय्या, वैद्य, तिरंदाज. नावाडी ही भूमिका नाही, सोय आहे." म्हटलं, साहेब, ती कामं झाली. वाटून दिलेली. भूमिका म्हणजे आपण कोण आहोत ते ठरवायचं आणि बक्षीस नसलं तरी तसंच वागायचं.

"तुम्ही नाटकात जा," म्हणाले. सगळे फिदीफिदी हसले. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. आकडेवाला मात्र हसला नाही, हे खरं.

६ मार्च

बंद झालेलं खातं परत हवं तर मदतकक्षातली बाई काही प्रश्न विचारते. तिनं विचारलं – तुम्ही माणूस आहात का?

उत्तर आलं, "मी नावाडी. माणसं नावेत बसतात."

राहता कुठं? "काठावर." खात्याचा खरा मालक कोण? "बाई, नदीला मालक असतो होय?"

नापास! एकदा तरी नुसतं "हो" म्हणायचं की रे मेल्या! क्षणभर भूमिका सोडली असती तर सुटला असता. गाढव! सोन्यासारखं गाढव! आधी हसू आलं, मग जिन्यात जाऊन रडले.

७ मार्च

साहेबांनी नावेवर यंत्राचा नावाडी बसवला. यंत्र म्हणून माणसाला काढलं आणि त्याच्या जागी यंत्र! डोकं आपटू कुठं?

१० मार्च

त्या नावेत बसून बघितलं. "प्रवास सुखाचा होवो." परत येताना, "प्रवास सुखाचा होवो." मध्यावर थांबत नाही. कुणी कुणाशी बोलत नाही. एक तिरंदाज काठावरच बसून होता. का रे, म्हटलं. "नावाडीकाकांना सांगायचं होतं, पास झालो." काय सांगू त्याला?

घरी येऊन ताटल्या आपटल्या. आई म्हणाली, "नसलेल्या नदीवरच्या नसलेल्या नावेपायी असलेली भांडी फोडू नकोस." तिचंही बरोबर. पण राग जाईना.

११ मार्च

राजीनामा लिहिला. पिशवीत आहे.

दुपारी आकडेवाला टेबलाशी येऊन उभा. "ताई, चुकलं माझं. नावेतून उतरलेले लोक बाकीच्यांपेक्षा जास्त दिवस गेममध्ये टिकायचे. ते मी बघितलंच नव्हतं."

मग दाखव की साहेबांना!

"दाखवलं. योगायोग म्हणाले."

घाला चुलीत! एवढं ओरडले की शेजारच्यांनी माना वळवल्या. तो हलला नाही. हळूच म्हणाला, "यंत्राचा नावाडी माझ्या मशीनवरून बंद होतो. उद्या मी जेवायला जाईन तेव्हा स्क्रीन उघडीच राहील." एवढे दिवस याला शिव्या घातल्या मी.

१२ मार्च

यंत्र बंद केलं. साधं खातं काढलं, बाईचं रूप घेतलं आणि नाव मीच हाकली. काय होईल ते होवो!

पहिला उतारू – खातं नवं कोरं, हातात तलवारसुद्धा नाही. पलीकडे नेला, तर उतरेना.

"पोरी," त्यानं लिहिलं, "मध्यावर थांबली नाहीस."