साफ करून दिलेले मासे

तळेगाव ढमढेरे
१८ जानेवारी २००४

प्रिय सम्राट,

आणि म्हणूनच ‘मेथडमध्ये चूक नव्हती’ हे तुझं फोनवरचं वाक्य मला तेव्हाही पटलं नाही, आत्ताही पटत नाहीये. तू फोन ठेवून दिलास आणि मी एसटीडी बूथमध्ये रिसीव्हर धरून उभी. पत्रात निदान मला मध्येच तोडता येणार नाही तुला.

मेथड काय होती ते आठव जरा. दर पंधरा दिवसांनी मी इथून एसटीनं यायचे, तू दौंड स्टेशनबाहेर बर्फ भरलेला थर्माकोलचा डबा घेऊन थांबलेला. मग नदीकाठच्या भोई वस्तीवर. भीमेचं पाणी बाटल्यांत भरायचं, आणि सिंधूबाईंनी सकाळच्या जाळ्यातले सहा मासे पिशवीत घालून ठेवलेले असायचे. त्यांची पोटं चिरलेली होती सम्राट. आतलं सगळं काढून, धुऊन, पुसून. आपण दोघांनी सहा महिने ते पाहिलं. मी तर म्हणाले होते, किती नीट देतात ना. तू फॉर्मवर ‘खाण्याचा भाग’ या चौकोनात टिक केलंस, खाली मी सही केली. मांसात कॅडमियम मर्यादेत निघालं. ऑक्टोबरमध्ये देवळाच्या पायरीवर उभी राहून मी सगळ्या वस्तीला सांगितलं, मासे सेफ आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला काय वाटलं होतं ते तुला माहितीये, तू मला भेळ खायला घातली होतीस.

टाळ्या झाल्यावर सिंधूबाईंची सून, राजश्री, मला बाजूला घेऊन गेली. तिला तिसरा महिना होता. रक्त कमी आहे म्हणून दवाखान्यात सांगितलेलं. ती म्हणाली, “ताई, सासूबाई रोज मासळीचं काळीज देत्यात, खाऊ ना?” मला आधी काळीज म्हणजे हार्टच वाटलं. मी विचारलं, हृदय? ती तोंडाला पदर लावून हसली. मग कळलं लिव्हर. आणि मी, पुस्तक पाठ असलेली, म्हणाले, खा गं, आयर्न असतं त्यात भरपूर.

हे तुला मी फोनवर सांगितलं नव्हतं. सांगायच्या आतच तू ठेवलास.

डिसेंबरमध्ये मी रिपोर्ट लॅमिनेट करून घेऊन गेले. हौस माझी. सिंधूबाई विळीवर मासे साफ करत बसल्या होत्या. पित्ताची पिशवी नखानं अलगद काढून टाकली, काळीज सुटं करून वाटीत ठेवलं. मी रिपोर्ट बाजूला ठेवला. विचारलं, आम्हाला द्यायच्या माशांतलं हे कुठं जायचं? त्या म्हणाल्या, “आगं, तुमच्या पिशवीत आतडीकोथळी घालून दिऊ व्हय? पावन्याला असं देत्यात का कुठं? चांगलं मांस बाजाराला आन् तुमाला. आतलं आमी खातो, हिला तर पयलं.” वर हसून म्हणाल्या, “एवढी शिकली, आन् मासा कुठनं खात्यात ते न्हाई ठावं.”

नव्हतं ठाऊक. आपल्याला दोघांनाही. आपण बाजारात मासा घेणाऱ्याच्या ताटाची तपासणी केली, मासा धरणाऱ्याच्या ताटाची केलीच नाही. आणि फॉर्मवर ‘खाण्याचा भाग’. कुणाचा खाण्याचा भाग, हे त्या चौकोनात विचारलेलंच नाही. कॅडमियमसारखे धातू काळजात साठतात हे सेकंड इयरच्या पेपरमध्ये आपण दोघांनी लिहिलं होतं, तुला दहापैकी नऊ होते.

सहा काळजं बर्फात घालून मी पुण्याला नेली. लॅबमध्ये रांग होती, तीन आठवडे गेले. मांसाला जी मर्यादा आहे तिच्या नऊपट. एकात अकरापट. आपल्या गाइड मॅडमना कागद दाखवला तर त्या म्हणाल्या, काळजासाठी स्टँडर्डच नाहीये, त्यामुळे ‘जास्त’ असं आपल्याला म्हणता येत नाही. सहा सॅम्पल म्हणजे काहीच नाही. पुढच्या वर्षी ग्रँट आली की बघू. मी म्हणाले, बाळ पुढच्या वर्षापर्यंत थांबणार नाही. त्यांनी चष्मा काढला आणि मला चहा मागवला. इतका संताप आला मला त्या चहाचा. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि मग तू. तुझं म्हणणं मला कळतं, अगदीच मूर्ख नाहीये मी. एकदा बोभाटा झाला की व्यापारी टोपली उचलणार नाही, मांस चांगलं असलं तरी. चाळीस घरांचं पोट त्या जाळ्यावर आहे. कारखान्यांच्या ज्या नाल्यातून हे नदीत येतं त्याला कोणी हात लावणार नाही आणि मार बसेल तो वस्तीला. खरं आहे ते. पण तू हे अंकलेश्वरला, नव्या नोकरीत, कंपनीच्या क्वार्टरमध्ये बसून म्हणतोयस, आणि राजश्रीला सहावा महिना आहे.

आता जे लिहायला बसले होते ते लिहिते. परवा मी गेले होते वस्तीवर, एकटीच. एसटीत पूर्ण भाषण तयार केलं होतं. पोचले तर पंगत बसलेली. राजश्रीनं मला पाट दिला आणि स्वतःच्या वाटीतलं काळीज माझ्या ताटात घातलं. म्हणाली, “ताईंनीच सांगितलं म्हणून खाते, आज त्यांनी खावं.” सगळे माझ्याकडे बघत होते. नाही म्हणाले असते तर का ते सांगावं लागलं असतं, आणि मीच पायरीवर उभी राहून काय सांगितलं होतं तेही. मी खाल्लं सम्राट. चांगलं झालंय म्हणाले. उरलेलं तिनं माझ्यासमोर खाल्लं, आणि मी चारच्या गाडीनं परत आले. तुझ्यावर, मॅडमवर एवढी चिडचिड केली, त्यातली निम्मी तरी या एका जेवणाची आहे. पुढच्या रविवारी मी परत जाणार. रिपोर्टवर पहिलं नाव तुझं आहे, म्हणून विचारते, मनापासून उत्तर दे: राजश्रीला एकटीला घरात बसवून सांगू, की जिथं सेफ म्हणाले त्याच पायरीवर सगळ्यांना बोलावून?

तुझीच,
अजून रागावलेली
अंकिता