मामंजींचा हॅम्बर्गर

९ जुलै १९६३

मामंजी आज माझ्याशी बोलले! म्हणजे 'चहा ठेव' आणि 'पेपर कुठंय' सोडून. फेब्रुवारीत पुण्याहून इकडे कानडी मुलखात आमच्याकडे आले, तेव्हापासून आमचं जे काही बोलणं झालं ते एका पोस्टकार्डावर मावेल.

दुपारी हे कारखान्यात. मी तांदूळ निवडत होते. मामंजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. घसा खाकरला. मला वाटलं, काहीतरी हरवलं — चष्मा, नाहीतर दात. तर म्हणाले, "विद्या, तू हॅम्बर्गर खाल्ला आहेस का?"

"काय खाल्लंय?"

"हॅम्बर्गर. हॅम्बुर्ग हे जर्मनीतलं बंदर. एल्ब नदीकाठी. त्यावरून." जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, तो असा मधूनच बाहेर येतो.

कॅन्टोन्मेंटात अमेरिकन वाचनालय आहे, तिथे ते हल्ली पंख्याखाली बसायला जातात. तिथल्या मासिकात पानभर रंगीत चित्र पाहिलं म्हणे. गोल पाव, मधे खिम्याची जाडजूड वडी, वर कांदा आणि टोमॅटो. दोन्ही हातांनी आकार करून दाखवला. अगदी हळुवार, जणू आत अंडं आहे!

बिचारे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. आता ब्लडप्रेशरपायी डॉक्टरांनी मटण बंद केलं, आणि ह्यांनी तर घरात आणणंच बंद केलं. कर्णिकांच्या घरात रविवारी दुधी! माझ्या माहेरी सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

"एकदा खाऊन बघायचा आहे," मामंजी म्हणाले. मग इकडेतिकडे बघून — घरात आम्ही दोघंच — हळूच, "हरीला सांगू नकोस."

१० जुलै

सांगितलं नाही.

१६ जुलै

गेलो! मामंजी कोट, काळी टोपी, काठी अशा थाटात. मी निळी साडी नेसले. दोन बस बदलून महात्मा गांधी रोड. टेबलावर पांढरी चादर घातलेलं हॉटेल. सुनेबरोबर सासरा — वेटरनं आम्हाला कोपऱ्यातलं टेबल दिलं.

कार्डावर हॅम्बर्गर नव्हता. पण वेटर म्हणाला, "येस सर! हॅम्बर्गर सर!" असा उत्साह की मला तेव्हाच शंका आली. आलं काय? टोस्टच्या दोन तुकड्यांत मटण कटलेट. वर अननसाची चकती!

मामंजींनी चष्मा लावला. वरचा टोस्ट उचलून आत बघितलं. पेपर तपासावा तसं. "हा पाव चौकोनी आहे."

वेटर म्हणाला, "इनसाइड राउंड सर."

खाल्लं सगळं. अननससुद्धा. बसमध्ये मामंजी म्हणाले, "नापास."

२४ जुलै

ब्रिगेड रोड. इथे पाव गोल होता! मामंजींनी माझ्याकडे बघून मान हलवली, डोळे मिटले आणि मोठा घास घेतला.

घास आला. दात नाही आले. वरची कवळी पावातच राहिली!

मला हसू आवरेना. मामंजींनी अतिशय शांतपणे पाव मिटला आणि म्हणाले, "विदा, थिडकीबाहेर बघ." मी बघितलं. बाहेर एक कुत्रा झोपला होता. तो पूर्ण पाठ होईपर्यंत बघितलं. मग मागून आवाज आला, "हं. आता बघ." कवळी जागेवर, मिशीला सॉस.

वडी आतून कच्ची. नापास.

घरी येईपर्यंत दोघं मधूनमधून हसत होतो. कंडक्टरला वाटलं असेल, वेड्यांच्या इस्पितळातून सुटलेत.

२ ऑगस्ट

ह्यांना मामंजींच्या धोतरावर लाल डाग दिसला. सॉस!

"बीट," मामंजी म्हणाले. डोळ्यांची पापणीही हलली नाही!

हे खूश. बीट रक्ताला चांगलं म्हणे.

५ ऑगस्ट

घरात रोज बीट.

९ ऑगस्ट

खालच्या घरमालकीण गोजराबाईंनी जिन्यात गाठलं. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर इथे आले आणि इथेच राहिले, त्यामुळे मराठी आमच्यासारखी असून आमच्यासारखी नाही. "काय की अक्का, मामा-सून रोज दुपारी कुठं हो जाता?"

खोटं सुचेना. सांगून टाकलं. वाटलं, आता गल्लीभर होणार. पण बाई मांडीवर हात मारून हसल्या. "अय्यो! त्यापायी कॅन्टोन्मेंट कशाला? आमची राजलक्ष्मी आहे की कॉटनपेटात! नात्यातली माझ्या. मिलिट्री हॉटेल चालवते. तिचा यजमान लढाईत अमेरिकन सोल्जरांच्या मेसात कुक होता. वारला बिचारा. पण त्याची सगळी विद्या हिच्यापाशी."

मटण मिळतं त्या खाणावळीला इथे मिलिट्री हॉटेल म्हणतात. मामंजींना हे पटवायला वेळ लागला. ते म्हणत होते, आत सोडायला पास लागेल.

१३ ऑगस्ट

कॉटनपेट. लाकडी बाकं, भिंतीवर फळा, धूर. राजलक्ष्मीबाई गल्ल्यावरही त्याच आणि चुलीपाशीही त्याच. मामंजींहून दहाएक वर्षांनी लहान असतील. पदर खोचलेला, आवाज असा की रस्त्यापलीकडचा सायकलवाला थांबला.

हॅम्बर्गर म्हटल्यावर त्यांचा चेहराच खुलला. "किती वर्षांनी कुणी मागितला की!"

आला. मला वाटतं, लढाईनंतर तो पहिल्यांदाच होत असावा. पाव दगड. वडी हात लावताच विस्कटली. आणि मिरची! मामंजींच्या डोळ्यांतून धारा. टोपी काढून टेबलावर ठेवली. ही टोपी चारचौघांत निघालेली मी कधी पाहिली नव्हती.

"बाई, यात मिरच्या किती आहेत?"

"स्वल्पच की, मास्तर."

"स्वल्प म्हणजे थोडं. संस्कृत शब्द आहे. हे थोडं नाही!"

"तुम्हाला कसं कळलं? तुम्ही केला होता काय?"

मामंजींना उलट उत्तर! आमच्याकडे त्यांना उलट बोललेलं माणूस नाही. हेसुद्धा 'बाबा' म्हणून थांबतात. पण मामंजी रुमालानं डोळे पुसत होते, आणि — मला चक्क दिसलं — मिशीत हसत होते.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "भयंकर होता."

"होय. सुधारणेला वाव आहे," मामंजी म्हणाले. "पुढच्या मंगळवारी बघू."

२० ऑगस्ट

मिरची नाही. मीठही नाही. "मास्तरांच्या प्रेशरसाठी," म्हणाल्या. प्रेशरचं बाईंना कुणी सांगितलं?

२७ ऑगस्ट

फळ्यावर त्यांनी नवीन पदार्थ लिहिला होता — 'हामबरगूर'. मामंजींनी खडू मागितला आणि दुरुस्त केला. बाईंनी पुसून पुन्हा 'हामबरगूर' लिहिलं. "माझं हॉटेल, माझं बरगूर!" पुन्हा खडू. पुन्हा फडकं. गिऱ्हाइकं जेवण सोडून बघत होती. मी निमूटपणे नाचणीचा मुद्दा, म्हणजे उकडलेल्या पिठाचा गोळा, आणि मटणाचा रस्सा खाल्ला. तो मात्र काय सुरेख करतात बाई! बर्गरच तेवढा जमत नाही.

५ सप्टेंबर

डॉक्टरांकडे तपासणी. मामंजींचं प्रेशर चक्क उतरलंय! डॉक्टर म्हणाले, "व्हेरी गुड. काय पथ्य चाललंय?"

ह्यांनी छाती पुढे काढून सांगितलं, "दुधी आणि बीट."

मामंजी छताकडे बघत होते. मी फरशीकडे.

२१ सप्टेंबर, मद्रास

ह्यांचं कारखान्याचं काम निघालं, आम्हा दोघांनाही घेऊन आले. समुद्र बघायला म्हणून. हे मीटिंगला गेले आणि आम्ही थेट माउंट रोड!

हॅम्बर्गर मिळाला. खरा. मासिकातल्या चित्रासारखा. पाव मऊ, वर तीळ, वडी बाहेरून खरपूस आणि आतून अशी रसरशीत की रस माझ्या कोपरापर्यंत ओघळला. मी साडीची पर्वा केली नाही. डोळे मिटून खाल्ला. देवाशपथ, असं काही मी जन्मात खाल्लं नव्हतं.

मामंजींकडे बघितलं. ते विचार करत चावत होते. म्हणाले, "कोरडा आहे."

कोरडा! त्यांच्याही मनगटावरून रस ठिबकत होता!

"मिरची थोडी हवी होती," म्हणाले. मग बिल देताना मॅनेजरकडे मोहरीच्या सॉसची बाटली विकत मागितली. "राजलक्ष्मीबाईंना दाखवू."

तोंड आलंय बहुतेक त्यांचं.

१ ऑक्टोबर

मोहरीचा सॉस बाईंनी बर्गरला लावलाच नाही. मच्छीला लावला. मामंजी म्हणाले, कल्पक आहे.

८ ऑक्टोबर

फुटलं!

संध्याकाळी हे आले ते बूट न काढताच आत. आवाज अगदी हळू. हळू आवाज म्हणजे फार वाईट. "आज साहेबांच्या मिसेस भेटल्या. कॉटनपेटात चटया घ्यायला गेल्या होत्या. तू त्यांना दिसलीस. मिलिट्री हॉटेलात. एका म्हाताऱ्याबरोबर. तो म्हातारा खो-खो हसत होता. कोण आहे तो?"

"तुमचे वडील."

"विद्या, मी गंभीरपणे विचारतोय. बाबा हसत नाहीत."

हे असं म्हणाले आणि मला एकदम रडूच आलं. कारण त्यांना खरंच तसं वाटत होतं. चाळीशीला आलेल्या मुलाला!

मामंजी खोलीतून बाहेर आले. "मीच तो. हॅम्बर्गर खात होतो."

मग जे व्हायचं ते झालं. प्रेशर! पथ्य! माझ्या पाठीमागे! काही झालं असतं तर जबाबदार कोण? मामंजी म्हणाले, "प्रेशर उतरलंय." हे म्हणाले, "ते बिटानं!"

रात्री कुणी जेवलं नाही. बीटच होतं, त्यामुळे फार दुःख नाही.

११ ऑक्टोबर

ह्यांनी पुण्याला अरविंद भावोजींना तार केली. थोरले भावोजी येऊन मामंजींना घेऊन जाणार. तिथे घरात माणसं आहेत, लक्ष राहील. हे दुष्ट नाहीत, घाबरलेत. मला कळतं. पण 'तू लक्ष ठेवलं नाहीस' म्हणाले, ते लागलं.

मामंजींनी बातमी ऐकली. "बरं," म्हणाले. एवढंच.

१९ ऑक्टोबर

दिवाळी आली आणि गेली. चकल्या छान झाल्या होत्या. कुणी तसं म्हणालं नाही.

लग्न होऊन इथे आल्यापासून मी भाजी आणायला गेले, देवळात गेले, ह्यांच्या साहेबांकडे हळदीकुंकवाला गेले. उगीच, मजा म्हणून, बसच्या खिडकीशी बसून कुणी मला कुठे नेलं नव्हतं. नेलं ते एका कवळीवाल्या मास्तरांनी. आता पुन्हा खिडकी इथलीच, आणि समोर पाण्याची टाकी.

२८ ऑक्टोबर

मामंजी केस कापायला गेले. ह्याच आठवड्यात दुसऱ्यांदा. कोणते केस?

मी ह्यांना म्हटलं, "जाऊ द्या ना बाहेर. नाहीतरी जायचेच आहेत." मागून हे स्वतःच म्हणाले, "खरंच खो-खो हसत होते?"

"बाक हलत होतं," मी सांगितलं.

बराच वेळ बूट पुसत बसले. पुसलेलेच बूट.

३ नोव्हेंबर

भावोजी आले. उद्याची गाडी. मामंजींची ट्रंक मी भरली. धोतरं, कोट, गुडघ्याला लावायचं तेल. भरता भरता रडू यायला लागलं. मामंजी पलंगावर बसून बघत होते.

"रडू नकोस. मी लांब जात नाही."

मी म्हटलं, "पुणं काय जवळ आहे?"

"तुझा भूगोल कच्चा आहे," म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. पहिल्यांदाच.

४ नोव्हेंबर

दारात जटका आला. घोडा म्हातारा, ट्रंक जड. भावोजींनी जटकेवाल्याला सांगितलं, "स्टेशन." मामंजी वर चढून बसले आणि म्हणाले, "स्टेशनच्या अलीकडे. कॉटनपेट."

"बाबा, गाडी सुटेल!"

"सुटू दे. मी शनिवारी राजलक्ष्मीबाईंशी रजिस्टर लग्न केलं."

घोडासुद्धा हलेना. गोजराबाईच खिडकीतून ओरडल्या, "साक्षीला आम्ही होतो की!"

भावोजी पायरीवर बसले. हे मामंजींकडे बघत राहिले — आणि मग ह्यांना हसू फुटलं. असं फुटलं की कठडा धरावा लागला. मामंजीही हसायला लागले. दोघं अगदी एकसारखे हसतात! मला माहीतच नव्हतं.

मला सासू आली.