खारट बिरड्याची मुलाखत

आये, आज तुझ्याशी जरा कामाचं बोलायचंय. तू म्हणशील, अठरा वर्षांत एक कागद लिवला नाय, नि काम निघालं तवा बरी आये आठवली. म्हण बाई, ऐकून घेते. पण आधी माझं ऐक. समोर टेबलावर पुस्तकाची प्रुफं पसरली आहेत. तीस वर्षं लेखकांना गाठून गाठून ज्या मुलाखती घेतल्या, त्यांचं जाडजूड पुस्तक येतंय. प्रकाशन आपल्या पनवेलच्या त्याच वाचनालयात, जिथे तू मला न्यायला यायचीस आणि भाजीची पिशवी घेऊन पायरीवरच उभी राहायचीस. आत ये म्हटलं की, ‘नको गो, समदी वाचत बसल्यात, माझ्या बांगड्या वाजतील.’ पुस्तकात पहिली मुलाखत आपल्याकडे जेवून गेलेल्या त्या लेखकाची, तुझ्या-माझ्या गोष्टीवाल्यांची आहे. बाकी सगळी प्रुफं मी झरझर तपासली आणि तिथे मात्र परवापासून अडून बसले आहे. प्रत्येक प्रश्नाच्या आधी माझं नाव छापलंय. आणि आये, त्यातला एकही प्रश्न माझा नाही. हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि त्या गोष्टीवाल्यांना ठाऊक होतं. आता तुम्ही दोघंही नाही, म्हणजे गुपित अगदी सुरक्षित आहे, आणि तेच मला गेले दोन दिवस झोंबतंय.

तो रविवार आठव. वाचनालयाची व्याख्यानमाला असली की बाहेरगावच्या पाहुण्याचं दुपारचं जेवण कुणातरी सभासदाच्या घरी असायचं. हॉटेलात पाठवायची पद्धत नव्हती, अजूनही फारशी नाही. त्या वर्षी ज्यांच्याकडे जेवण होतं त्या बाई आजारी पडल्या, आणि कमिटीत नवीनच घुसलेली मी बैठकीत तोंड वर करून म्हणाले, ‘आमच्याकडे चालेल.’ घरी येता येता कळलं, आपण काय कबूल करून बसलोय. दीड खोलीचं घर, आणि त्यात तू. खोटं कशाला बोलू, मला तुझ्या बोलण्याची लाज वाटायची. एवढा मोठा लेखक घरी येणार आणि तू त्याच्यासमोर ‘हाय-नाय’ करणार, या विचारानेच मला घाम फुटला होता. म्हणून मी तुला बजावलं, ‘तू फक्त वाढ. मध्ये मध्ये बोलू नकोस.’ तू वाल सोलत होतीस. दोन दिवस आधी भिजत घातलेले, मोड आणलेले, एकेक दाणा सालातून सुळकन बाहेर. मान वर न करता म्हणालीस, ‘मंग त्यांना सांगून ठेव, आये मुकी हाय म्हून.’ आणि स्वतःच खो खो हसलीस. मी हसले नाही. मी बावीस वर्षांची होते आणि मला फार अक्कल होती.

सकाळी त्या वालांचं बिरडं चुलीवर चढवून तू शेजारी नवी ताटं मागायला गेलीस. मी घरात एकटी, भिरभिरल्यासारखी. उशा नीट कर, झाकणं उघडून बघ, परत लाव, असे नुसते उद्योग चालले होते. मग गोष्टीवाले आले. उंच, किडकिडीत, खांद्याला पिशवी. बाहेरच्या खोलीत मी कुणाचातरी मागून आणलेला टेपरेकॉर्डर लावला आणि वहीत लिहून ठेवलेले सतरा प्रश्न धडाधड विचारले. ‘आपल्या साहित्यामागची प्रेरणा कोणती?’ हा त्यांतला सगळ्यात सोपा. ते बिचारे जांभई दाबत उत्तरं देत होते. आत जेवायला बसताना मी बटण दाबून टेप थांबवला आणि ताटांशेजारीच ठेवला. म्हणजे मला वाटलं, थांबवला. मुळात पॉजचं बटण सुरुवातीपासून दाबलेलंच राहिलं होतं. माझे सतरा प्रश्न हवेत गेले, आणि आता ते बटण सुटून टेप चालू झाला. उरलं ते सगळं तुझं.

दुसऱ्या दिवशी कॅसेट लावली तेव्हा आधी मी भोकाड पसरलं. प्रेरणाबिरणा काही नाही, नुसता ताटांचा खणखणाट. मग तुझा आवाज. ‘कसा झालाय, मास्तर?’ हातात पेन असलेला प्रत्येक पुरुष तुझ्या लेखी मास्तर. ते म्हणतात, ‘उत्तम! फारच सुरेख.’ आणि तू, मुकी असलेली तू, म्हणतेस, ‘खोटं बोलता. खारट झालाय. तुमी तिसऱ्यांदा पानी मागितलंत.’  तेव्हा माझा जीव गेल्याचं मला अजून आठवतं. मग ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. तू पाणी दिलंस. चौथ्यांदा. आणि विचारलंस, ‘तुमच्या पुस्तकात पन असंच बोलता का?’

त्यावर ते म्हणाले, ‘पुस्तकात असं बोललं ना ताई, की वाचणारा तिसऱ्यांदा पाणी मागतो. तिथे लपवता येत नाही.’ हे उत्तर पुढे किती जणांनी किती ठिकाणी वापरलं! मला ते बाहेरच्या खोलीत जन्मात मिळालं नसतं.

तू थांबतेस कुठली. भाकरी वाढता वाढता तुझं चालूच. ‘गोष्टीतली मानसं तुमी मारता, ती इचार करून मारता, का तुमाला त्यांचा कंटाला येतो?’ त्यांचा घास हातात राहिला. म्हणाले, ‘एका बाईला मी कंटाळून मारलं. शेवट सुचत नव्हता.’ तू चुकचुकलीस. ‘मंग तिच्या घरच्यांचं काय?’ ते म्हणाले, त्याचा विचारच केला नाही. तू म्हणालीस, ‘कराया पायजे व्हता.’ अगं, नावाजलेल्या लेखकाला तू तीन शब्दांत झापलंस, आणि त्यांनी खाली मान घालून ‘हो’ म्हटलं. नंतर विचारलंस, एवढं लिहिता तर घरचं काम कोण बघतं? बायको, ते म्हणाले. ‘मंग तिचं पन नाव टाका की पुस्तकावर.’ आता गंमत बघ. हे बोलणंही मी उचललं, शुद्ध करून प्रश्न म्हणून माझ्या नावाने छापलं, आणि तुझं नाव कुठेही टाकलं नाही.

आणि तो शेवटचा. तुझं माहेर जासईकडचं, मिठागरावरचं, ते तू त्यांना सांगत होतीस. आता तिथे कंटेनरच्या थप्प्या आहेत, पण तुझ्या बोलण्यात पाणी अजून वाफ्यात होतं. ‘मीठ पिकलं ते आमाला पायानं कलायचं, खाली टोचाया लागलं की झालं. तुमाला गोष्ट झाली ते कशानं कलतं?’  ते म्हणाले, ‘ताई, ते कळलं असतं तर निम्म्या गोष्टी मी आधीच थांबवल्या असत्या.’

मी ते सगळं उतरवलं. तुझी भाषा धुतली, घासली, पुसली, मीठबीठ काढून टाकलं आणि आपल्या पनवेलच्या साप्ताहिकात दिलं. गावभर बोलबाला. ‘काय प्रश्न विचारलेत पोरीने!’ दर महिन्याचं सदर मिळालं, आणि तिथून पुढे माझी गाडी जी सुटली ती आजपर्यंत. तू तो अंक मांडीवर घेऊन, ओळीवर बोट ठेवत ठेवत, अख्खी दुपार वाचलास. मी आत भांडी पुसण्याचं नाटक करत होते. वाचून झाल्यावर घडी घातलीस आणि म्हणालीस, ‘सवाल चांगले इचारलेस गो.’ बस्स. मग दाराशी थांबून, ‘बिरड्याचं काय नाय लिवलंस ते?’ तू चिडली होतीस, दुखावली होतीस की माझी फिरकी घेत होतीस, हे मला तेव्हा कळलं नाही. विचारायची छातीही झाली नाही. गोष्टीवाल्यांचं पोस्टकार्ड आलं त्यात मात्र शंकेला जागाच नव्हती. एकच ओळ: ‘मुलाखत वाचली, उत्तरं माझीच आहेत.’ ते कार्ड मी तुझ्यापासून लपवलं. अजून आहे.

पुढे लेखकांना भेटताना मी एक शिकले. बाहेरच्या खोलीत कुणी काही सांगत नाही. म्हणून मी काहीतरी खायला घेऊन जाते, ताटाशी बसते आणि तुझा प्रश्न विचारते: झालं हे कशाने कळतं? एक कादंबरीकार यावर वीस मिनिटं बोलले आणि उत्तर दिलं नाही. शिरढोणच्या एका कवयित्रीने सांगितलं, ‘आणखी एक शब्द घातला की स्वतःचीच लाज वाटायला लागते, तेव्हा.’ मला ती इतकी आवडली की मी तिला तुझ्याबद्दल सांगणार होते. तोंडाशी आलेलं गिळलं. तीस वर्षं मी हेच करत आलेय, आणि लोक म्हणतात, बाईंची विचारण्याची हातोटी काही औरच.

तर आज सकाळी मी प्रकाशकांकडे फोन लावला. भीती वाटत होती, आये, खरंच. ज्या मुलाखतीने मला नाव दिलं तीच उसनी निघाली, तर पुढच्या सगळ्यांवर लोक संशय घेतील. वाचनालयाच्या त्याच हॉलमध्ये सत्कार आहे, पहिल्या रांगेत अख्खी कमिटी असेल. पण बोलून टाकलं. संपादक बाईंना म्हटलं, पहिल्या मुलाखतीत प्रश्न विचारणारीचं नाव बदलायचंय.

‘मॅडम, कव्हर छापायला गेलंय!’

‘कव्हर राहू दे. फक्त आतलं. आणि प्रश्न मी नव्याने पाठवते, आहेत तसेच्या तसे घ्यायचे.’

‘पण नाव कुणाचं टाकू?’

‘आमच्या आईचं.’

‘अय्या, त्या पण मुलाखती घ्यायच्या?’

‘एकच घेतली,’ मी म्हटलं. फोन ठेवला आणि हसू आलं, मग रडू, मग परत हसू. मग कॅसेट लावून बसले. तुझा एकेक शब्द उतरवला, हाय तर हाय, नाय तर नाय. बांगड्या वाजतायत त्यात, आणि आता त्या वाचनालयात वाजणार. नवी प्रस्तावना लिहिली. पॉजचं बटण, ‘बोलू नकोस’ म्हणून दटावलेलं, पोस्टकार्ड, सगळं मांडलं. बिरड्यालाही अर्धं पान दिलं. आता तरी तक्रार नको.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. घडी घालून मिठाच्या बरणीखाली ठेवणार आहे, कारण प्रस्तावनेत लिहायला धीर झाला नाही अशी एक गोष्ट राहिलीये. तुझा नियम होता, पाहुणा जेवल्याशिवाय चव बघायची नाही, उष्टं होतं. त्या दिवसानंतर तू जन्मभर सांगत राहिलीस, मिठागरवाल्याची लेक मी, नि मिठालाच माझा हात चुकला. मग घरात कुणी पाहुणा आला की तुझं कालवण अळणी. लोक हळूच मीठ मागून घ्यायचे आणि आम्ही तुझी चेष्टा करायचो. मीही करायचे, सगळ्यांत मोठ्याने. आये, तू ताटं मागायला गेलीस तेव्हा मी झाकण उघडलं, मला वाटलं तू विसरलीस, आणि चव न बघता मूठभर टाकलं. तुझा हात चुकला नव्हता. मीठ मी घातलं होतं.