उन्हावर पोसलेली

४ मार्च

आलो एकदाच्या! निम्मं सामान अजून खोक्यांतच आहे, पण चहाचं भांडं सापडलं, म्हणजे संसार लागलाच म्हणायचा. कारखान्यानं दिलेलं घर दोनच खोल्यांचं, पण खिडक्या एवढाल्या की आईला पेपर वाचायला दिवा लावावा लागणार नाही. पडदा मात्र एकाही खिडकीला नाही. दांड्यासुद्धा नाहीत. आणायला हवेत.

इथे शेवाळापासून इंधनाचं तेल काढतात. मोठ्या उथळ हौदांत शेवाळ वाढवायचं, गाळून त्याचा लगदा करायचा, पत्र्याच्या लांबलचक ट्रेवर तो पातळ थापायचा आणि उन्हात कडकडीत वाळवायचा. त्यावर देखरेख माझी. आई म्हणाली, "एवढं शिकलीस आणि शेवटी वाळवणच घालायला आलीस होय!" बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच अशी खळखळून हसली. बदली मागून घेतली ते बरंच केलं.

६ मार्च

काम आवडलं. लगदा थापला की ओल्या मखमलीसारखा दिसतो. वाळत आला की कडेनं पापुद्रे सुटतात, मग दाताळ्यानं उलथायचा. मी ओलावा मोजायचं यंत्र घेऊन ट्रेंमधून फिरते. भुकटी सगळीकडे जाते, नाकात, वेणीत, कानामागे. तोंडाला बांधायला फडकं मागितलं तर मुकादमबाई हसल्या, म्हणाल्या, होईल सवय. त्या ठेंगण्या, गोड बोलणाऱ्या. मलासुद्धा 'लेकरा' म्हणतात.

दाताळेवाल्यांत एक जण इतका उंच की त्याचं नावच ताडमाड पडलंय. आई घरी एकटी कंटाळते कळल्यावर त्यानंच आवारात तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवली. भला माणूस.

एक गंमत. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडणारी मी एकटीच. बाकी सगळे ट्रेंमधल्या वाटांवर उताणे पडतात, भर उन्हात, तोंडं उघडी टाकून. ताडमाडला पोळी देऊ केली तर लाजून म्हणाला, पोट भरलंय.

१२ मार्च

आईचा खोकला गेला! गुडघ्यांची कुरकुर नाही, दुपारची झोप नाही. सकाळी माझ्याआधी तयार होऊन खुर्ची गाठते. दादाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, हवा मानवली म्हातारीला. फक्त जेवण कमी झालंय. अर्धी पोळी, तीही माझ्या आग्रहाखातर.

पडदे आणून लावले होते. संध्याकाळी बघते तर आईनं काढून, घडी घालून कपाटात ठेवलेले.

१९ मार्च

आई आता जेवतच नाही. चिडले, विनवलं, घास भरवून पाहिला. तोंडातला घास तिनं लहान मुलासारखा हळूच बाहेर काढला. शेवटी कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंना घरी बोलावलं. त्यांनी तपासून सांगितलं, सगळं उत्तम आहे, वजनसुद्धा वाढलंय.

न जेवता?

मी चहा ठेवत होते, त्या नको म्हणाल्या. जाताना दारातल्या उन्हात थांबल्या. डोळे मिटून, हनुवटी वर करून. मी दोनदा हाक मारली, मग कुठे भानावर आल्या.

रात्री आईचे हात साबणानं घासले. नखांच्या मुळाशी हिरवट झालंय. भुकटी असेल. निघत नाही.

२४ मार्च

कालपासून ढग. लगदा वाळत नाही, आंबूस वास सुटलाय. माणसं एकमेकांवर खेकसतात, दाताळी हातांतून सुटतात. दुपारी ताडमाड दाताळ्यासकट कोसळला. मी धावत जाऊन सावरला. एवढा थोराड माणूस, हाताला लागला रिकाम्या गोणीसारखा. दवाखान्यात न्या, म्हणून मी ओरडत होते. कुणी हललं नाही. मुकादमबाईंनी त्याला एका रिकाम्या ट्रेवर निजवलं, वरून हौदातलं पाणी शिंपडलं.

"लेकरा, तू घरी जा," म्हणाल्या. "ऊन पडलं की याचं होईल बरोबर."

घरी आई खिडकीशी उभी. काचेला गाल लावून.

२५ मार्च

ऊन पडलं. ताडमाड नाही.

त्या ट्रेवर लगदा होता. लांबच्या लांब, मधे जाड. मुकादमबाई म्हणाल्या, तो गावी गेला. त्या अवस्थेत? कोणाबरोबर? त्यांनी नुसता ओलावा बघायला सांगितला. मी यंत्र टेकवलं.

थर आक्रसला. चटका बसल्यावर हात मागे घ्यावा तसा. मी पाहिलं, मी पाहिलंय हे—

ते सगळे दाताळी घेऊन पुढे आले. एकजण म्हणाला, अशाचं तेल जास्त उतरतं. सहज. जसं काही—

२६ मार्च

दादाला फोन केला. रडले. आईला घेऊन निघते म्हटलं. आई यायला तयार नाही. "तिकडे आपल्या घरात ऊन कुठंय गं?" म्हणाली. "तुझे बाबा गेल्यापासून आत्ता कुठे मला बरं वाटतंय. तेवढंही नको का?"



तिला आतल्या खोलीत कोंडलंय. खिडकीवर चादरी ठोकल्या. दार वाजवत नाही ती. नुसती आतून नखं फिरवते आहे भिंतीवरून— फट शोधते आहे—

२७ मार्च

दार उघडलं. आई कोपऱ्यात बसलेली. ओठांना पापुद्रे. हात धरला तर कातडी सुटून माझ्या बोटांना—

चादर ओढून काढली. ऊन तिच्यावर पडलं. हळूहळू श्वास आला. गालांवर रंग आला. हिरवा. माझ्याकडे बघून हसली माझी आई.

अंधारात ठेवली तर मरते. उन्हात ठेवली तर—

२८ मार्च

दादा आम्हाला न्यायला गाडी घेऊन निघालाय. त्याला सांगायला हवं होतं, तोंडाला काहीतरी बांध. फोन लागत नाही.

आई पहाटेच आवारात गेली. अडवायला हात धरला. आमचे दोघींचे हात एकाच रंगाचे—

कालपासून पोटात काही नाही. भूकही नाही.

पायरीवर बसले आहे. इथून फाटक दिसतं. गाडी आली. दादा उतरला. मुकादमबाई त्याच्याशी बोलताहेत, पाठीवर हात ठेवून आत आणताहेत. वाऱ्यावर भुकटी उडते आहे. तो खोकला. हाक मारायला हवी. पळ म्हणून ओरडायला हवं—

तोंड उघडलं, पण ऊनच आधी आत आलं. कोमट. गोड. एवढा एक घोट घेते आणि मग त्याला