आडूळनंतर पाचोड

१२ जाने., सोम.
ह्यांना दवाखान्यातून घरी आणलं. दीर गंगापूरहून आले होते. त्यांनी आणि शेजारच्यांनी मिळून खुर्चीसकट वर चढवलं. उजवा हात, उजवा पाय हलत नाही. बोलणं बंद. डॉ. समजावत होते, मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाला रक्त पोचलं नाही, बोलण्याची जागा तिथंच असते. मी नववीला हेच शिकवते. तरी मान हलवत ऐकून घेतलं.
माझ्याकडे बघतात. ओळखून बघतात की नुसतंच, ते कळत नाही. एवढं कळलं तरी पुरे. बाकी हातपाय चालतील तेव्हा चालतील.

१५ जाने.
दीर परत गेले. "वहिनी, दादा दोन म्हैन्यात बोलायला लागतेत बघा. आमच्याकडं एकाचं आसंच झालं होतं." कोण तो एक, विचारलं तर नाव आठवेना. धीर द्यायला प्रत्येक गावात असा एक असतोच.
पेज भरवताना म्हटलं, सुनंदा म्हणा. ओठ हलले. पेज सांडली.

१९ जाने., सोम.
शाळेत रुजू. रजा तरी किती काढणार. सकाळची पाळी आहे, तोवर शेजारच्या काकू बसतात.
नववी ब ला नेमका तोच धडा. प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ, खाली मेरुरज्जू. आकृती काढली. तंतू मस्तिष्कपुच्छापाशी एकमेकांना ओलांडून जातात, म्हणून मेंदूची डावी बाजू गेली की उजवा हात जातो. 'गेली' म्हणताना खडू मोडला. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, चेतापेशी परत तयार होत नायत, मग ज्याच्या मेल्या त्यानं काय करायचं?" म्हटलं, उरलेल्या पेशी थोडं थोडं काम शिकतात. सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मी पण मनात.

२४ जाने.
शेख भाई आले. हे कंडक्टर, ते ड्रायव्हर. पाचोडच्या गाडीवर दोघांची जोडी होती. बसल्या बसल्या पेजेचा चमचा घेऊन पलंगाच्या दांडीवर दोनदा वाजवलं. "चलो, डबल हो गई." कंडक्टरची एक घंटी वाजली की गाडी थांबवायची, दोन वाजल्या की सोडायची.
आणि ह्यांचं तोंड उघडलं. "झाल्टा. चित्तेपिंपळगाव. आडगाव. आडूळ. पाचोड."
स्वच्छ. गाडीत ओरडायचे तसंच. शेख भाई टोपीत तोंड घालून रडले. मग मी म्हटलं, पाणी म्हणा. काही नाही. सुनंदा म्हणा. काही नाही.

२८ जाने.
स्पीच थेरपीच्या मॅडम येऊन गेल्या. ठरवून बोलणं वेगळं, पाठ झालेलं वेगळं. पाढे, आरत्या, शिव्या, हे मेंदूत दुसऱ्या वाटेनं येतं, म्हणून टिकतं. "म्हणजे कळून बोलतात असं नाही, ताई." पटलं. न पटायला काय झालं, शास्त्रच आहे.
संध्याकाळी दिवा लावून आत आले तर माझ्याकडे बघून म्हणाले, "पाचोड."
आधी आडगाव नाही, आडूळ नाही. नुसतं पाचोड.

३० जाने.
लग्नाआधी मी पाचोडच्या शाळेत होते. रोज सकाळी ह्यांच्याच गाडीनं जायचे आणि खिडकीला डोकं टेकून झोपायचे. कंडक्टरला माणसांची नावं नसतात, गावं असतात. "ओ आडूळ, पुढं सरका." "ओ पाचोड, पास दाखवा." मी पाचोड. गाव जवळ आलं की तिकिटाला भोक पाडायच्या चिमट्यानं माझ्या सीटच्या दांडीवर एकदाच ठोकायचे. "पाचोड, उठा." नाव विचारायला पुष्कळ दिवस लागले. पासवर लिहिलेलं होतं तरी विचारलं.
लग्नानंतरही. रविवारी उशीर झाला की चहाचा कप ठेवून, पाचोड, उठा.
वै. ला पुण्याला फोन करून सांगितलं. लेक म्हणाली, "आई, म्हणजे बाबा ओळखतात तुला." इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

३ फेब्रु.
आज काकूंना म्हणाले, पाचोड. व्यायाम घ्यायला येतात त्या डॉक्टरांनाही पाचोड.
शेख भाईंना विचारलं. "भाभी, झूट कायकू बोलूँ. उसके वास्ते सब पाचोडवाले पाचोडइच थे." खरं बोलणाऱ्या माणसांचा हल्ली राग येतो. वै. ला सांगितलं नाही.

९ फेब्रु., सोम.
वर्गात प्रतिक्षिप्त क्रिया. काटा टोचला की मेंदूला कळायच्या आत हात मागं येतो, मेरुरज्जू परस्पर ठरवतो. मागच्या बाकावरून प्रश्न, "मग ते आपण केलं आसं म्हणायचं का, मॅडम?" उद्या सांगते म्हटलं.
घरी येऊन समोर बसले. मी झाल्टा म्हटलं, पुढचं सगळं त्यांनी म्हटलं, थेट पाचोडपर्यंत. मग विचारलं, मी कोण? बघत राहिले. डोळे भरले. डॉ. म्हणाले होते, ह्या आजारात कारण नसतानाही डोळे भरतात. म्हणजे त्यावरही भरवसा ठेवायचा नाही. कशावर ठेवायचा मग.

१७ फेब्रु.
दुपारी पेपर तपासता तपासता पलंगाशेजारच्या खुर्चीत डोळा लागला. डोकं दांडीला टेकलेलं. कानाशी ठोकल्याचा आवाज झाला. जागी झाले तर ह्यांच्या डाव्या हातात चमचा.
"पाचोड," म्हणाले. ओठ आणखी हलत होते, पुढचं आलं नाही.
मी सवयीनं पदर सावरून उभी राहिले. उठले हो, म्हटलं. मग सुचलं. एकदा ठोकलं असेल तर ते मला उठवत होते. दोनदा असेल तर नुसती गाडी सोडली, सवय. मी झोपेत होते, किती वेळा वाजलं ते कळलंच नाही. पुन्हा वाजवा म्हटलं, तर चमच्याकडे बघत बसले.
उद्या शाळेतून आले की तिथंच बसायचं, डोकं टेकून, डोळे मिटून. झोपायचं नाही.