यूलोंग नदीवरचा शनिवार

१४ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी.
च्यूलियेनचा मेसेज आला. शुक्रवारी, चोवीसला येते आहे. पलीकडच्या गावात तिच्या आईची सत्तरी आहे. शिवाय लिहिलंय, 'शनिवारचा दिवस मला दे. निवांत बोलायचंय.'
निवांत! तीन वर्षं बाई फोशानला टाइल्सच्या कारखान्यात राबते आहे. कंटाळली असणार. आता घरी परत यायचं म्हणत असणार. बायका हे सरळ सांगत नाहीत, नवऱ्याने ओळखायचं असतं. मी ओळखलं.
प्लॅन तयार. सकाळी दोघांनी सायकलवरून नदीकाठाने जायचं, दुपारी तराफ्यावर. लांबलांबची जोडपी यासाठी इथवर येतात आणि माझं तर सायकली भाड्याने द्यायचं दुकानच आहे. आजपासून रोज पहाटे प्रॅक्टिस. पोट कमी. दारू बंद.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
दारू एकदम बंद करणं शरीराला घातक असतं. हळूहळू.

१६ ऑक्टोबर.
पहाटे पुलापर्यंत जायचं ठरवलं होतं. पहाटे धुकं होतं. नऊला निघालो. पुलाच्या अलीकडे अळूच्या शेतात उतरलो. सायकलसकट. सीटची उंची चुकीची होती. सीट मीच लावलेली, पण ती गिऱ्हाइकांसाठी.
काठावरून थिएशंग बघत होता. शाळेपासूनचा दोस्त, आता तराफा चालवतो. म्हणाला, अरे चांगगुई, अळू काढायला सायकल कशाला लागते तुला? मी दुर्लक्ष केलं. सांगितलं, पंचवीसला तराफा राखून ठेव, तुझी वहिनी परत येते आहे. म्हणाला, परत येते आहे, की नुसती येते आहे?
थिएशंगची भाषा शाळेतही कच्चीच होती.

१९ ऑक्टोबर.
आमची खोली रंगवायला काढली. आई दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, जी दोन वर्षं नववर्षाच्या सणालाही घरी फिरकली नाही, तिच्यासाठी भिंती रंगवतोस? मी म्हटलं, त्या दिवसांत गाडीचं तिकीट मिळत नाही. म्हणाली, गावातल्या बाकी सगळ्या पोरींना बरं मिळालं. मी म्हटलं, त्यांना वेळ असतो, च्यूलियेन कामाचं माणूस आहे. आई गप्प बसली. मुद्दा पटला की ती गप्प बसते.
रंग पिवळा. दुकानात फिका वाटला होता. भिंतीवर अंडं फोडल्यासारखा दिसतो. वाळला की बसेल.

२३ ऑक्टोबर.
प्रॅक्टिस जरा मागे पडली. गुडघा. पण मनातल्या मनात रोज पुलापर्यंत जाऊन येतो. त्याचाही उपयोग होतो म्हणे.
दुकानातली जोडसायकल घासूनपुसून ठेवली. पुढे मी, मागे ती. फोटो पाठवला. तिचं उत्तर, 'वेगवेगळ्या घेऊ.' बरोबर आहे. तिला व्यायाम हवा असणार, कारखान्यात दिवसभर उभंच राहायचं.

२५ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी. घाईत.
काल रात्री ती माहेरीच राहिली. साहजिक आहे, आईची सत्तरी. सकाळी इथे आली. केस आखूड केलेत. माझ्या आईने तिला पपनस सोलून दिलं. ते तिने तसंच मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ आईचा हात धरून बसली. एरवी या दोघींना भांडायला दिवस पुरायचा नाही! शुभ लक्षण.
खोली दाखवली. म्हणाली, छान आहे, उजेड आला. डोळे पुसले. रंगाचा वास अजून आहे.
दारू आज सकाळपासून बंद.

संध्याकाळी.
सविस्तर लिहितो.
सायकल चालवण्यात ती जरा पुढे गेली. म्हणजे दिसेनाशी झाली. वडाखाली थांबून राहिली होती. मी पोचलो तेव्हा तोंडातून शब्द फुटेना. म्हणाली, बस जरा, पाणी पी. फोशानला रोज सायकलनेच कामावर जाते म्हणे. हे मला माहीत नव्हतं. कधी सांगितलं नाहीस, म्हटलं. म्हणाली, सांगितलं होतं.
टपरीवर शेवया खाल्ल्या. तिने मुळ्याचं लोणचं माझ्या वाटीत घातलं, पूर्वी घालायची तसंच. तेवढ्यात तिचा फोन वाजला. उठून लांब जाऊन बोलली. तिकडच्या कँटनी भाषेत. मला ती येत नाही. कामावरचं कोणी असावं. एकदा हसली. या भाषेत ती अशी हसते हे ठाऊक नव्हतं.
मग तराफा. पुढे आम्ही दोघं बांबूच्या खुर्च्यांवर, मागे आडव्या बांधलेल्या सायकली, त्यांच्या मागे बांबूची काठी घेऊन थिएशंग. ऊन छान होतं. वाटेत तीन बुटके बंधारे लागतात, तराफा त्यांच्यावरून धाडकन खाली उतरतो. पहिल्या बंधाऱ्याआधी च्यूलियेन म्हणाली, चांगगुई, तुला एक सांगायचंय. मी म्हटलं, तो डोंगर बघ, अगदी म्हशीसारखा दिसतो. म्हणाली, लहानपणापासून बघते आहे. दुसऱ्या बंधाऱ्याआधी म्हणाली, चांगगुई, ऐकून तरी घे. मी म्हटलं, पाय वर घे, भिजतील. भिजलेच. तिसऱ्याआधी मागून थिएशंग ओरडला, अरे गाढवा, ती काय म्हणते आहे ते ऐक एकदा!
मग ती काहीतरी म्हणाली. बंधाऱ्याचा आवाज फार होता. नीट ऐकू आलं नाही.
तेवढ्यात माझी सायकल नदीत पडली. मी तिच्यामागे उडी मारली. पाणी छातीपर्यंतच होतं, पण गार, आणि पायाखाली शेवाळ. च्यूलियेन माझं नाव घेऊन ओरडली. ज्या बाईला नवऱ्याची पर्वा नाही ती असं ओरडत नाही. तिनेच कॉलर धरून मला वर ओढलं. कॉलर फाटली. शर्ट नवा होता.
सायकल गेली बंधाऱ्याखालच्या डोहात, तळाला. तेव्हा घरी येताना सायकल एकच. मला हुडहुडी भरलेली. म्हणाली, बस मागे. तिने चालवली, मी कॅरिअरवर. लग्नाच्या अठरा वर्षांत पहिल्यांदाच मी मागे बसलो.
तिने पुन्हा सांगितलं. त्या रस्त्यावर बंधारा नाही.
कारखान्याच्या खानावळीत आचारी आहे. लुओ नावाचा. दोन वर्षं झाली. मूलबाळ आपल्याला नाही, कुणाचे हाल होणार नाहीत. सोमवारी कचेरीत अर्ज द्यायला माझ्याबरोबर येशील का? हे सगळं पाठमोरी सांगत होती. तिची पाठ घामाने भिजली होती. म्हणाली, फोनवर सांगणं बरं दिसलं नसतं.
मी विचारलं, मी कधी हात उगारला तुझ्यावर? म्हणाली, नाही. मी म्हटलं, मग? पॅडल मारत राहिली. मग म्हणाली, मी काही बोलायला लागले की तू मला डोंगर दाखवतोस. मी म्हटलं, आज एकदाच तर दाखवला. म्हणाली, अठरा वर्षं दाखवतो आहेस.
मी विचारलं, त्याला सायकल येते का? म्हणाली, नाही येत. जरा बरं वाटलं.
चढ आला तेव्हा मी म्हटलं, उतरतो. म्हणाली, बसून राहा, मला जमतंय.
एकंदरीत दिवस चांगला गेला. बऱ्याच वर्षांनी मोकळेपणाने बोलणं झालं.

२६ ऑक्टोबर, रविवार.
थिएशंगने गळ टाकून सायकल काढली, दुकानात आणून दिली. मी म्हटलं, गाठ नीट मारली नव्हतीस तू. म्हणाला, गाठ पक्की होती. तू उडी मारलीस तेव्हा तराफा कलंडला आणि ती सुटली. आधी तू पडलास, मग सायकल.
मी म्हटलं, तुझा काहीतरी गोंधळ होतो आहे. म्हणाला, मी मागे उभा होतो ना रे.
मग चेनला तेल घालत बसला. मीही बसलो. गिऱ्हाईक आलं तर त्यानेच सायकल काढून दिली. जाताना म्हणाला, सोमवारी येऊ का बरोबर? मी म्हटलं, कशाला, मी काय लहान आहे?
ऐकू आलं होतं. 'मी आता परत येणार नाही,' असं म्हणाली. स्पष्ट ऐकू आलं.
आईला सांगितलं. म्हणाली, मला कालच कळलं, हात सोडेचना. मग भाजी चिरायला लागली. चिरता चिरता म्हणाली, हाताला चव होती पोरीच्या. हे तिला एकदाही म्हणाली नव्हती.
दारू घेतली नाही. निश्चय वगैरे काही नव्हता. लक्षातच आलं नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार.
तालुक्याच्या कचेरीत गेलो. मी लवकर पोचलो, ती त्याहून लवकर. काउंटरवरची मुलगी विशीतली. म्हणाली, काका, दोघांच्या मर्जीने ना? मी च्यूलियेनकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. हो म्हटलं.
मुलगी म्हणाली, आता एक महिना थांबायचं, दोघांनी विचार करायचा, मग पुन्हा या. म्हणजे बघा, कायद्यालाही घाई नाही! महिना म्हणजे पुष्कळ झाला. महिन्यात माणूस सायकल शिकतो. कँटनी भाषाही थोडीफार शिकता येईल. हे सगळं जिना उतरताना च्यूलियेनला सांगायला लागलो. ती थांबली. म्हणाली, चांगगुई. एवढंच म्हणाली. डोंगर दाखवला नाही. जिन्यातून दिसत होता.
स्टँडपर्यंत तिची बॅग मी घेतली. जड नव्हती. म्हणाली, आईंना थंडीत खालच्या खोलीत झोपू दे, वर वारा लागतो. हो म्हटलं. म्हणाली, आणि दारू कमी कर. मी म्हटलं, सोडली. म्हणाली, बरं केलंस. खरं वाटलं तिला की नाही, कळलं नाही.
मग ती बसमध्ये चढली. काचा काळ्या होत्या, आतलं काही दिसत नव्हतं. बस निघाली तसा मी हात हलवायला लागलो. स्टँडच्या फाटकापर्यंत बसच्या बाजूने चालत गेलो आणि ती वळणाआड होईपर्यंत हलवत राहिलो.
परत आलो तेव्हा संत्री विकणारी बाई म्हणाली, दादा, त्या ताई तर पलीकडच्या खिडकीत बसल्या होत्या.